बाबांच्या औषधाचें झाड

वार्षिकाच्या संपादकांनीं यंदां आमच्याकडे लेख मागितला तेव्हां एक अट घातली. विषय विज्ञानाचा असावा, परंतु मुलांच्या पालकांनाही तो वाचावासा वाटला पाहिजे. ही अट पाळावयाची तर आमच्यापाशीं एकच विषय आहे, कारण त्यांत आमच्या घरची गोष्ट आणि विज्ञान हीं दोन्हीं एकमेकांत अशीं गुंतलेलीं आहेत कीं तीं वेगळीं काढतां येत नाहींत. तो विषय म्हणजे आफ्रिकेच्या डोंगराळ अरण्यांत वाढणारा एक रानचेरीचा वृक्ष. आमच्या वाचकांपैकीं बहुधा कोणींही तो पाहिला नसेल. त्याची साल मात्र कोणाच्या घरांतील औषधांच्या पेटीपर्यंत येऊन पोहोंचली नसेलच असें सांगवत नाहीं. आमच्या घरांत ती सहा वर्षें येत होती.

आमचे वडील याच शाळेंत चौतीस वर्षें मास्तर होते. त्यांचे विद्यार्थी आज कित्येक वाचकांचे आजोबा असतील. फाटकाजवळच्या चिंचेला कोणीं खिळा ठोकून सूचनेची पाटी लावली तर बाबा स्वतः पक्कड घेऊन तो खिळा उपटून काढीत आणि पाटी सुतळीनें बांधीत. मुलांना यांत गंमत वाटे. आम्हांलाही त्या वयांत वाटत असे, हें कबूल केलें पाहिजे.

सत्तरी ओलांडल्यावर बाबांना वृद्ध पुरुषांना होणारा मूत्राचा विकार जडला. प्रोस्टेट नांवाची जी ग्रंथि आहे ती उतारवयांत वाढते, मूत्रमार्गावर तिचा दाब पडतो, आणि माणसास रात्रीं चार चार, पांच पांच वेळां उठावें लागतें. विकार प्राणघातक नव्हे. पण ज्याच्या घरीं असा वृद्ध आहे त्याला रात्रीचा तो दाराचा आवाज आणि काठीचा ठोका किती अस्वस्थ करतो हें सांगावयास नको. आमचे वडील बंधू नोकरीनिमित्त नैरोबीस असतात. त्यांनीं सन २०१३ मध्यें तेथून एक बाटली पाठविली. तींत युरोपांत तयार झालेल्या गोळ्या होत्या; दररोज एक घ्यावयाची. बाटलीवर आफ्रिकेंतील एका झाडाच्या सालीचा अर्क, एका गोळींत शंभर मिलिग्रॅम, एवढेंच लिहिलेलें होतें. महिन्या-दीड महिन्यांत बाबांचें रात्रीचें उठणें दोन वेळांवर आलें. घरांत सर्वांस झोंप लागूं लागली, आणि दादा दर तीन महिन्यांनीं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर बाटल्या पाठवूं लागला.

बाबांनीं मात्र पहिल्याच आठवड्यांत आम्हांस विचारलें होतें, "अरे, तूं विज्ञान शिकवितोस ना? मग हें झाड कसें असतें तें सांग पाहूं." आम्हांस सांगतां आलें नाहीं. "पाहून सांगतों," म्हणालों, आणि मास्तरांच्या अशा उत्तराचें पुढें जें होतें तेंच त्याचेंही झालें. दोन-तीन वेळां त्यांनीं आठवण दिली. एकदां चहा पितां पितां म्हणाले, "ज्याची कातडी आपण रोज खातों त्याचें तोंड तरी पाहून ठेवावें रे." आम्ही हंसलों.

सन २०१९ च्या उन्हाळ्याच्या सुटींत दादानें आम्हांस नैरोबीस बोलाविलें. निघण्याच्या आदल्या रात्रीं बाबांनीं आमच्या वहींत स्वतःच्या हातानें लिहिलें: "झाड पाहणें." त्याखालीं दोन रेघा.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. वृक्षाचें शास्त्रीय नांव प्रूनस आफ्रिकाना. प्रूनस हें मोठें गोत्र आहे. बदाम, पीच, जर्दाळू, अलुबुखार आणि चेरी हीं सर्व भावंडें त्याच गोत्रांतलीं. हिमालयांतील पद्मकाष्ठ, जें आपल्याकडे वैद्यांच्या काष्ठौषधींत असतें, तेंही एक रानचेरीच होय. सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील सदाहरित अरण्यांतही या गोत्राचा एक वृक्ष आहे. बहुतेक मंडळी थंड देशांत राहणारी. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस मात्र या घराण्याचा प्रतिनिधि म्हणून हा जवळजवळ एकटाच उभा आहे, आणि तोही सपाट उष्ण प्रदेशांत नव्हे, तर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशें मीटरांच्या वर, तीन हजार मीटरांच्याही पलीकडे, धुक्याच्या डोंगरांत. कॅमेरून, इथिओपिया, युगांडा, केनिया, टांझानिया यांच्या डोंगरांवर, दक्षिण आफ्रिकेंत आणि समुद्रापलीकडे मादागास्कर बेटावर तो आढळतो. नकाशावर हीं ठिकाणें पाहिलीं तर मोठ्या खंडावर शाईचे थेंब उडावेत तशीं तीं तुटक दिसतात. एका डोंगरावरचें झाड दुसऱ्या डोंगरावरच्या झाडाला भेटूं शकत नाहीं. मध्यें सखल, उष्ण मुलूख पसरलेला आहे.

त्याला प्रथम शास्त्रीय नांव मिळालें त्या हकीकतींत आपल्या देशाचाही थोडा संबंध आहे. गुस्ताव मान नांवाच्या जर्मन वनस्पतिसंग्राहकानें इंग्लंडांतील क्यू येथील उद्यानासाठीं १८६१-६२ च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेंतील कॅमेरून पर्वत पालथा घातला. हा पर्वत सुमारे चार हजार मीटर उंच, आणि वर जागृत ज्वालामुखी. मानने आणलेल्या नमुन्यांवरून जोसेफ डाल्टन हूकर यानें १८६४ मध्यें या वृक्षास पायजियम आफ्रिकानम असें नांव दिलें. हा हूकर तोच, ज्यानें हिंदुस्थानच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ पुरा केला. गुस्ताव मान पुढें आपल्याकडे आसामांत जंगलखात्याचा मोठा अधिकारी झाला. नंतर १९६५ मध्यें काल्कमन या डच शास्त्रज्ञानें हा वृक्ष प्रूनस गोत्रांत घातला, आणि तेव्हांपासून तो रीतसर चेरींच्या पंक्तींत बसला. औषधांच्या बाटल्यांवर मात्र अजून पायजियम हें जुनेंच नांव चालतें. लग्नानंतरही माहेरचें नांव न सुटावें तसा हा प्रकार आहे.

नैरोबीहून आम्ही पश्चिमेकडील काकामेगाच्या अरण्यास गेलों. दादाची मोटार होती. नकुरूवरून केरिचोचे चहाचे मळे ओलांडून किसुमूस पोहोंचावयाचें. किसुमू म्हणजे तें गांव, जेथपर्यंत १९०१ मध्यें युगांडा रेल्वेचे रूळ पोहोंचले. ते टाकण्यास हिंदुस्थानांतून, विशेषतः पंजाबांतून, हजारों मजूर नेले होते. तेथून उत्तरेस वळलें कीं वाटेंत विषुववृत्त लागतें आणि मग काकामेगा. विषुववृत्तावर आपण घामानें भिजून जाऊं अशी आमची समजूत होती; भूगोलाच्या तासाला आम्हीं मुलांनाही तसें भासविलें असेल. प्रत्यक्षांत त्या उंचीवर संध्याकाळीं अंगावर शाल घ्यावी लागली. पाऊस दररोज दुपारीं ठरलेल्या पाहुण्यासारखा येत असे.

या भागास लागूनच कैमोसी म्हणून गांव आहे. तेथें अमेरिकेंतील फ्रेंड्स अथवा क्वेकर पंथाच्या लोकांनीं १९०२ मध्यें औद्योगिक मिशन स्थापिलें. प्रार्थनामंदिर आणि शाळा यांच्याबरोबर त्यांनीं लांकूड कापण्याची गिरणीही घातली. आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंत वाढलेल्या माणसास हें वाचून एकाच वेळीं अभिमान आणि अवघडलेपण वाटतें. शाळेचीं बांकें कोठल्या ना कोठल्या झाडाचींच असतात. 'अनुवाद' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायांत वेढा घातलेल्या नगराच्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवूं नये अशी आज्ञा आहे. आम्हीं ती लहानपणीं पाठ केली होती. सालीबद्दल तेथें कांहीं म्हटलेलें नाहीं.

अरण्यांत आमच्याबरोबर एक स्थानिक वाटाड्या होता, साठीच्या पुढचा. दादानें त्यास 'मझे' म्हणून हांक मारली. स्वाहिली भाषेंत वडीलधाऱ्या पुरुषास आदरानें असें म्हणतात. आम्ही शिक्षक आहों हें कळतांच तो आम्हांस 'म्वालिमु', म्हणजे मास्तर, म्हणूं लागला. आम्हीं झाडाचें शास्त्रीय नांव सांगितलें. त्यानें मान हलविली. नैरोबीकडील किकुयू लोक त्याला मुइरी म्हणतात हें दादानें सांगितल्यावर तो हंसला आणि म्हणाला, "म्विरित्सा." त्याच्या लुह्या लोकांत हेंच त्याचें नांव.

अर्धा तास चिखलांतून चालल्यावर तो एका बुंध्यापाशीं थांबला. वर पाहिलें तर शेंडा दिसेना. हा वृक्ष तीस-पस्तीस मीटरपर्यंतही वाढतो. बुंध्याची साल काळसर तपकिरी, खडबडीत, आणि तिला उभ्या-आडव्या भेगा पडून लहान लहान चौकोनी तुकडे झालेले. उन्हाळ्यांत तळ्याचा तळ वाळून फुटतो तशी ती दिसते. पानें गर्द हिरवीं व चकचकीत, देठ मात्र गुलाबी. वाटाड्यानें एक पान चुरगाळून आमच्या नाकाजवळ धरलें. कडू बदामाचा तोच वास! प्रयोगशाळेंत ज्या विषाविषयीं आम्ही मुलांना फार जपून सांगतों त्या हायड्रोसायनिक अम्लाचा हा प्रताप. प्रूनस घराण्यांतील पुष्कळांच्या अंगीं हें थोडें थोडें असतें. पानें कुरतडणाऱ्या प्राण्यांविरुद्ध झाडाचें तें संरक्षण. दक्षिण आफ्रिकेंत या लांकडाला जें नांव आहे त्याचा अर्थच 'तांबडें घाणेरडें लांकूड' असा होतो. तें कठीण आणि जड असतें, म्हणून पूर्वीं तेथें गाड्यांसाठीं त्याचा उपयोग करीत.

फुलें बारीक, पांढुरकीं, झुपक्यांनीं येतात. फळ पिकलें कीं जांभळट तांबडें होतें. आपल्या ओळखीच्या चेरीसारखें तें गोल नसतें; आडवें, मध्यें किंचित् दबलेलें, लांबीपेक्षां रुंदी अधिक. माणसास तें कडू लागतें, पण वानरांस आणि पांखरांस फार आवडतें. आम्ही उभे असतांनाच वर कोठेंतरी जोराचा फडफडाट झाला आणि धनेशाची एक जोडी उडून गेली. आपल्या कोंकणांत धनेश ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्या पंखांचा आवाज सांगावयास नको. काकामेगाचा धनेश काळा-पांढरा, चोंचीवर मोठें शिरस्त्राण. तो फळ सबंध गिळतो आणि बी दूर कोठें तरी टाकतो. झाडाच्या संसाराला हें फार महत्त्वाचें आहे. या बियांचा जीव अल्प. गव्हातांदुळासारख्या त्या कोठारांत ठेवतां येत नाहींत. फळ पडल्यावर थोड्याच दिवसांत रुजल्या तर रुजल्या. आणि रोपाला फळें धरण्यास पुढें पंधरा-वीस वर्षें लागतात.

हें सर्व आम्ही वहींत उतरून घेत होतों. बाबांना सांगण्यापुरती माहिती झाली असें मनांत आलें. तेवढ्यांत वाटाड्या म्हणाला, "म्वालिमु, आणखी एक दाखवितों." आणि तो पायवाट सोडून आंत शिरला.

दुसरें झाड पहिल्याहून थोर होतें. जमिनीपासून माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत त्याची साल चहूंबाजूंनीं काढून नेलेली होती. उघडें पडलेलें लांकूड करड्या रंगाचें झालें होतें आणि त्यावर किड्यांचीं भोकें होतीं. वर एकही पान नव्हतें. मुळाशीं कोयत्याचे जुने वार दिसत होते. वाटाड्या म्हणाला कीं दोन पावसाळ्यांपूर्वीं रात्रीं कोणीं तरी हें केलें. लोक पोटदुखीसाठीं आणि तापासाठीं साल नेतात तें हातभर तुकडा नेतात. हें त्यांचें काम नव्हे, हें विकण्यासाठीं केलेलें आहे. कोणाला विकण्यासाठीं, असें आम्हीं विचारलें. त्यानें खांदे उडविले आणि सहज विचारलें, "तुमच्या देशांत ती कोणी घेतात काय?"

दादानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

झाडाच्या सालीखालीं जो ओला, मऊ थर असतो त्यांतूनच पानांनीं केलेलें अन्न मुळांपर्यंत खालीं उतरतें. हें आम्ही दर वर्षीं नववीच्या वर्गांत फळ्यावर आकृति काढून शिकवितों, आणि सालीचें वळें काढलें तर झाड मरतें हा प्रश्न परीक्षेंतही घालतों. पाणी वर चढत राहतें, म्हणून पानें कांहीं काळ हिरवीं राहतात; पण मुळें उपाशी पडतात आणि हळूहळू सगळा वृक्ष जातो. याच्या उलट, दोन समोरासमोरच्या बाजूंनीं बुंध्याच्या एकेक चतुर्थांशाचीच साल काढली आणि आंतील कोंवळा थर दुखावला नाहीं, तर उरलेल्या दोन बाजूंतून अन्न उतरत राहतें आणि या वृक्षाच्या अंगीं नवी साल धरण्याची शक्ति चांगली आहे. कॅमेरूनमध्यें नियम असाच केला होता: तीस सेंटिमीटरांहून जाड बुंधा असेल तरच हात लावावा, समोरासमोरचे दोन भाग घ्यावेत, पहिल्या फांदीपर्यंतच जावें, आणि पुन्हां त्या झाडाकडे कांहीं वर्षें फिरकूं नये. एकोणिसाव्या शतकांत सिंकोना, म्हणजे कोयनेलचें झाड, हिंदुस्थानांत आणलें तेव्हां निलगिरींत मॅक्आयव्हर या अधिकाऱ्यानें जवळजवळ हीच युक्ति काढली होती. तो सालीच्या पट्ट्या काढी आणि उघड्या जागेवर शेवाळ बांधून ठेवी. खालून नवी साल येई.

नियम चांगला असला तरी तो अरण्यांत कोण पाळवून घेणार? फ्रान्समध्यें १९६६ सालीं जाक देबा यानें या सालीच्या अर्काचें पेटंट घेतलें, आणि युरोपांत वृद्धांचें हें औषध खपूं लागलें. कॅमेरूनमध्यें प्रथम साल काढण्याचें काम मुख्यतः एकाच कंपनीकडे होतें, आणि तिचे लोक शिकविलेले होते. १९८५ नंतर पुष्कळांस परवाने मिळूं लागले. मग ज्याच्या हातीं कोयता तो साल काढणारा झाला. वळें काढणें सोपें, आणि झाड पाडून त्याची संपूर्ण साल सोलणें त्याहून सोपें. शेवटीं वन्य प्राणी व वनस्पति यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा जो करार आहे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत १९९५ पासून या वृक्षाचें नांव दाखल झालें. म्हणजे व्यापार बंद नाहीं, पण झाडांना धोका नाहीं अशी खात्री देणारा परवाना पाहिजे. २००७ मध्यें युरोपीय संघानें कॅमेरूनची साल कांहीं काळ घेण्याचेंही थांबविलें होतें.

त्या रात्रीं काकामेगाच्या विश्रामगृहांत आम्हीं कंदिलाच्या उजेडांत एक हिशेब मांडला. विद्यार्थ्यांनीं तो स्वतः करून पाहावा, त्रैराशिकाचाच आहे. ग्रंथांतून असें दिलेलें आढळतें कीं दोन हजार किलो ओल्या सालीची वाळून एक हजार किलो होते आणि तींतून सुमारे पांच किलो अर्क निघतो. बाबांची गोळी रोज एक, शंभर मिलिग्रॅमची. वर्षाचे साडेछत्तीस ग्रॅम. सहा वर्षांचे दोनशें एकोणीस ग्रॅम. म्हणजे वाळलेली साल सुमारे चव्वेचाळीस किलो. ओली सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी किलो. नियम पाळला तर एका मोठ्या झाडापासून एका खेपेस पन्नास ते पाऊणशें किलो ओली साल मिळते असा अंदाज आहे. तेव्हां आमच्या एका घरानें सहा वर्षांत एका मोठ्या झाडाची पाळी संपविली आणि दुसऱ्याच्या पाळींत हात घातला. तीं झाडें नियमानें सोललीं असतील तर आज जिवंत असतील. तसें नसेल तर आम्हीं दुपारीं पाहिलेल्या झाडासारखीं उभीं असतील. बाटली उलटीसुलटी करून पाहिली. साल कोठली, कशी काढली, याचा एक अक्षरही तीवर उल्लेख नव्हता.

दादा म्हणाला, "बाबांना यांतलें कांहीं सांगूं नकोस. पहिलें झाड सांग. दुसरें राहूं दे." तो वडील, आणि त्याचें म्हणणें चुकीचें होतें असें आजही आम्हांस ठामपणें म्हणतां येत नाहीं.

घरीं आल्यावर बाबांनीं वही मागितली. पान, देठ, बदामाचा वास, धनेश, सर्व सांगून झालें. त्यांनीं डोळे मिटून ऐकलें. मग म्हणाले, "आणि साल काढलेलें झाड कसें दिसतें?" शिक्षकाला विद्यार्थ्याची टाळाटाळ ओळखतां येते, आणि आम्ही त्यांचेच विद्यार्थी. आम्हीं सांगितलें. हिशेबाचें पानही त्यांनीं उलटलें आणि गुणाकार तपासला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं गोळी घेतली नाहीं, आणि आम्हांस तसें सांगितलेंही नाहीं. आम्हांस कळलें तें पंधरा दिवसांनीं, रात्रीचा दाराचा आवाज पुन्हां वाढला तेव्हां. वैद्याला विचारल्यावांचून औषध सोडूं नये हें इतरांस शिकविणारे बाबा स्वतः मात्र तसें वागले. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं या सालीच्या अर्काच्या अठरा चांचण्यांचा, सुमारे दीड हजार पुरुषांवरील, एकत्र आढावा घेतलेला आहे. त्यांत गुण दिसतो, पण मध्यम स्वरूपाचा. आणि प्रयोगशाळेंत तयार होणारें दुसरें औषध आहे, तें घेऊन पाहावें. तें सुरू झालें. गुण आला. पण त्या औषधानें एकाएकीं उठल्यास कित्येकांना भोंवळ येते, याची सूचना असूनही आमचें लक्ष कमी पडलें. जुलैमधील एका पहांटे बाबा उंबऱ्यापाशीं पडले आणि डाव्या मनगटाचें हाड मोडलें.

सहा आठवडे त्यांचा हात गळ्यांत बांधलेला होता. त्या काळांत आम्ही पुष्कळदां मनाशीं म्हटलें कीं दादाचें ऐकलें असतें तर बरें झालें असतें. झाडाची बाजू घेण्याच्या भरांत आम्हीं बापाचें मनगट पणाला लावलें, असेंही एकदां वहिनींच्या पत्राला उत्तर देतांना लिहिलें होतें; पाठविलें नाहीं. बाबांना हें कळलें असावें. एके दिवशीं प्लास्टरवर बोट आपटीत ते म्हणाले, "हें भरून येतें. मी डॉक्टरांना विचारलें." पुढें औषधाची मात्रा बदलली, रात्रीं उठतांना आधीं खाटेवर दोन मिनिटें बसण्याची शिस्त लागली, आणि भोंवळ येईनाशी झाली. रात्रीं अजून तीनदां उठतात. पूर्वींच्या गोळीनें दोनदां उठत. हा एकाचा फरक आमच्या हिशेबांत कोठें मांडावा हें आम्हांस अजून सुचलेलें नाहीं.

आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें कीं सर, तुम्हीं एक बी आणून आपल्या आवारांत कां लावली नाहीं? बी प्रवासांत मेली असती हें एक, आणि परदेशचें बियाणें परवान्यावांचून आणणें कायद्यास मान्य नाहीं हें दुसरें. शिवाय तें झाड तेथल्या डोंगरांचें. तेथल्या धनेशाला तें हवें आहे. केनियांत मात्र शेतकरी आतां मक्याच्या बांधाला आणि चहाच्या मळ्यांच्या कडेला हीं झाडें लावतात, रोपवाटिकांतून रोपें मिळतात. शेतांत लावलेल्या झाडाची साल विकण्यास मिळाली तर अरण्यांतल्यावरचा कोयता थोडा हलका होईल असा त्यांत विचार आहे. आम्हांस तो पटतो. पण पंधरा वर्षें थांबण्याची ऐपत किती शेतकऱ्यांत असेल, ही शंकाही येते.

हात बरा झाल्यावर बाबांनीं दादाला पत्र लिहिलें. त्यांत औषधाच्या बाटल्या पाठवूं नकोस, त्या पैशांत म्विरित्साचें एक रोप घे आणि तुझ्या आवारांत लाव, असें होतें. आणि उंची दर सहा महिन्यांनीं फुटपट्टीनें मोजून कळवावी, अंदाजानें नको, असेंही होतें. दादानें २०१९ च्या नोव्हेंबरांत, तेथल्या लहान पावसाळ्यांत, रोप लावलें. पहिल्या पत्रांत उंची चाळीस सेंटिमीटर होती. माजघराच्या दाराच्या चौकटीवर आम्हां भावंडांच्या उंचीच्या लहानपणच्या खुणा आहेत. वर्षें लिहिलेल्या त्या पेन्सिलीच्या रेघा बाबांनीं रंग देणाऱ्यांस कधीं पुसूं दिल्या नाहींत. त्यांच्या शेजारीं त्यांनीं ती पहिली रेघ ओढली आणि वर 'नैरोबी' असें लिहिलें. दोन वर्षांनीं रोपानें आम्हांस इयत्ता दुसरींत गांठलें. पुढें दादाला गांठलें. मागच्या पत्रांतील उंची चौकटीच्या वरच्या लांकडालाही ओलांडून गेली. बाबांनीं शिडी मागितली. आम्हीं ती दिली नाहीं. मग आमच्या धाकट्या मुलास तिपाईवर उभें करून, खालून "आणखी दोन बोटें वर, हां, तेथेंच" असें सांगत, त्यांनीं ती खूण भिंतीवर करवून घेतली.